होडीच्या इंजिनाचे जाम झालेले नट-बोल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठणार, खलाशी गावाहून परत आलेले, बर्फ सांगून ठेवलेला, आणि इंजिनाच्या मॅनिफोल्डचा (हवा किंवा धूर नेणाऱ्या नळीच्या जोडाचा) एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, निघत नाही. नाहीतर ओबीएमच्या (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरच्या) थर्मोस्टॅटच्या झाकणाचा बोल्ट डोक्यापासून तुटलेला. प्रश्न दर वर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. ट्रॉलरमधलं डिझेल इंजिन आणि छोट्या फायबर होडीमागचं ओबीएम, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

बोल्ट जाम होतो म्हणजे आत नक्की काय होतं?

आधी हे ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. साध्या लोखंडी बोल्टवर साधा लोखंडी नट असेल तर कारण गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, साधारण दुप्पट ते सहापट. आट्यांमध्ये केसाएवढीच फट असते. त्यात हा फुगलेला गंज बसला की पाचर ठोकल्यासारखं होतं.

ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचा बोल्ट असेल तर प्रकार वेगळा. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. बोल्ट चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं भोक पांढऱ्या पुडीने भरतं. ही पूड सिमेंटसारखी आवळून बसते. ओबीएमवाल्यांचे नव्वद टक्के हाल हिनेच केलेले असतात. (नव्वद हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, मोजलेला नाही.)

तिसरा प्रकार स्टेनलेसवर स्टेनलेस. इथे गंज नसतोच. आवळताना घर्षणाने धातूच एकमेकांत रुततो. त्याचा वेगळा प्रश्न खाली आहे.

आणि कधीकधी बोल्ट जाम नसतोच, मागच्या मेकॅनिकने आट्यांना लॉकचा गोंद लावलेला असतो. निळा गोंद हाताच्या पान्याने सुटतो. लाल असेल तर सुमारे २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय तो दाद देत नाही, मग तेल कितीही ओता.

समुद्रात असताना सुटत होता. दोन महिने किनाऱ्यावर ठेवला आणि जाम कसा झाला?

हा खरा प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात.

इंजिनावर बसलेलं मीठ पाणी ओढतं. शुद्ध मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की स्वतःच पाघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून बऱ्याच कमी दमटपणात ओले होतात. आता कोकणातला जून-जुलै आठवा. डब्यातलं मीठ ओलं होतं, आगपेटी पेटत नाही, दारं फुगून चौकटीत अडकतात. त्याच हवेत प्लास्टिकखाली गुंडाळलेलं, मीठ न धुतलेलं इंजिन ६१ दिवस उभं असतं. ते चालत असतं तेव्हा निदान तापतं, वाळतं, थरथरतं. बंद असताना बोल्ट रात्रंदिवस ओल्या मिठात बसलेला असतो.

म्हणून बोल्ट सोडवायचा दिवस जुलैअखेरचा नाही, होडी शाकारतो, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवतो, त्या दिवसाचा आहे. इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, आणि जे जे पुढे सोडायचं आहे त्या प्रत्येक नटावर तेल टाकून ठेवायचं. दर रविवारी दोन थेंब. १५ जुलैला पाना लावायचा. दोन महिन्यांचा वेळ सरकारने फुकट दिलाय. आपण तो वाया घालवतो आणि शेवटच्या चार दिवसांत वेल्डिंगवाल्याला शोधत फिरतो.

पाना लावण्याआधी काय बघायचं?

होडी पाण्यात असेल तर पहिला प्रश्न: हा नट पाणरेषेच्या खालचा आहे का? समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, शाफ्ट होडीतून बाहेर जातो तिथल्या ग्लँडचा (पाणी अडवणाऱ्या जोडाचा), किंवा आरपार गेलेल्या कुठल्याही फिटिंगचा असेल तर हात मागे घ्या. तो जाम आहे हे त्या क्षणी तुमचं नशीब आहे. होडी वर काढल्यावर बघू.

मग आजूबाजूला बघा. नटाखाली दुमडलेला पत्रा असेल तर तो लॉक आहे, आधी सरळ करा. आरपार कॉटर पिन असेल तर ती काढा. हसू नका, पिन तशीच ठेवून पान्याला पाइप लावून लोंबकळलेली माणसं मी पाहिली आहेत. आटे उलटे तर नाहीत ना हेही बघा. सायकलच्या डाव्या पॅडलसारखे उलटे आटे काही फिरत्या भागांवर असतात, आणि तसं असलं तर तुम्ही सोडत नसता, आवळत असता.

शेवटी तारेच्या ब्रशने बोल्टाची उघडी टोकं घासा. नटाबाहेर आलेल्या आट्यांवर रंगाचे चार थर, गंजाचे पापुद्रे आणि शिंपल्या असतील तर नट सुटला तरी त्यावरून फिरताना पुन्हा अडकणार. तेलही त्या थराखाली जात नाही.

कुठलं तेल टाकू? डब्ल्यूडी-४० पुरेसं आहे का?

डब्ल्यूडी-४० १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये तयार झालं, तेही पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातली दोन इंग्रजी अक्षरं ‘पाणी हटवणारं’ याच अर्थाची आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. हलक्या गंजाला ते चालतं. पण आट्यांत खोल शिरण्यासाठी ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ म्हणून वेगळं तेल मिळतं, जमलं तर ते घ्या.

गॅरेजवाले स्वतःचं मिश्रणही करतात: ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल, निम्मं निम्मं. ॲसिटोन पाण्यासारखं पातळ असल्याने तेलाला फटीत ओढून नेतं, मग स्वतः उडून जातं. चांगलं काम करतं. फक्त दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवावी लागते. रंगावर आणि रबरावर पडू देऊ नका. आणि ॲसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं. होडीच्या बंद इंजिनघरात त्याचा वास कोंडला असताना बिडी पेटवली तर पुढे मला फोन करायची वेळ येणार नाही.

डिझेल, रॉकेल? चालतं. हळू चालतं, पण वेळ असेल तर भरपूर काम करतं. आमच्याकडचे जुने तांडेल (होडीचे म्होरके) जूनमध्ये डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी नटाला गुंडाळून ठेवायचे आणि विचारलं की म्हणायचे, “वायच दम धर.” शास्त्र त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. दर काही दिवसांनी चिंधी ओली करा, आणि इंजिन चालू करण्याआधी ती काढायला विसरू नका.

खोबरेल आणि जेवणाचं तेल मात्र नको. ते कालांतराने घट्ट, चिकट होतं.

तेल टाकून किती वेळ थांबायचं?

पाच मिनिटांत काहीही होत नाही. रात्रभर हा कमीत कमी वेळ. संध्याकाळी टाका, हातोडीने दहा-बारा हलके ठोके द्या, सकाळी पुन्हा टाका, पुन्हा ठोका. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली जातं हेही ध्यानात घ्या. बोल्टाचं डोकं वर असेल आणि आटे खालच्या बाजूला असतील तर डोक्यावर ओतलेलं तेल सगळं वॉशरभोवती वाहून जातं. आट्यांची दुसरी बाजू शोधा. तिथे हात पोचत नसेल तर सिरिंज वापरा, औषधाच्या दुकानात मिळते.

पान्याला पाइप लावून जोर द्यावा का?

साधा हिशेब सांगतो. एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, ८.८ दर्जाचा (हा ताकदीचा आकडा) बोल्ट साधारण ८५ न्यूटन-मीटरला (पिळण्याच्या जोराचं माप) आवळतात. एक मीटरचा पाइप लावून तुम्ही ४० किलोचा भार टाकलात तर ते जवळजवळ ४०० होतं. नट सुटला नाही तर बोल्ट तुटणार, तिसरा पर्याय नाही. एम ६ चा बोल्ट तर १० न्यूटन-मीटरचा, म्हणजे छोट्या पान्यावर सात-आठ किलो. ओबीएमवरचे बरेचसे बोल्ट याच मापाचे असतात आणि लोक त्यांना ट्रकचे असल्यासारखे वागवतात.

मोठ्या बोल्टांना, म्हणजे इंजिन बेडच्या किंवा शाफ्ट कपलिंगच्या, पाइप लावायला हरकत नाही. पण जोर हळूहळू वाढवायचा आणि बोल्ट काय म्हणतो ते हाताला कळू द्यायचं. सुटणारा नट ‘कट्ट’ असा कोरडा आवाज करून हलतो. तुटणारा बोल्ट आवाज न करता मऊ पडतो, रबर पिळल्यासारखा. ते मऊपण जाणवलं की तिथेच थांबा.

मी पाइपपेक्षा उलटं आवळणं पसंत करतो. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा. गंजाची पकड मोडायला एवढं पुरतं. मग सोडा, पाव फेरा. तेल. परत अर्ध्या पाव फेऱ्याने मागे. असा पुढे-मागे करत काढा. एका दमात बाहेर काढायला गेलात तर गंजाचा भुगा आट्यांत गोळा होतो आणि निम्म्यावर आलेला बोल्ट पहिल्यापेक्षा घट्ट बसतो.

पाना कुठल्या प्रकारचा?

उघड्या तोंडाचा पाना जाम नटावर वापरू नका. तो दोनच बाजू धरतो आणि कोपरे खातो. रिंग पाना बरा, आणि सहा कोनांची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) सगळ्यात चांगली. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच गोट्या बारा कोनांच्या असतात; घट्ट नटावर त्या घसरतात.

माप बघा. जुन्या इंजिनांवर इंची बोल्ट असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना सैल बसतो आणि गंजलेल्या डोक्यावर हमखास फिरतो. पाऊण इंचाला १९ चा पाना मात्र बेताचा चालतो, ५/८ ला १६ चा. डोकं गंजाने बारीक झालं असेल तर एक माप खालची इंची गोटी हातोडीने ठोकून बसवा. गोटी खराब होईल, बोल्ट निघेल.

हातोडीने ठोकणं खरंच उपयोगी आहे की राग काढायचा मार्ग?

दोन्ही. बोल्टाच्या डोक्यावर सरळ, खणखणीत ठोके दिले की आट्यांमधला गंज तडकतो, तो ठिसूळ असतो. पितळी दांडा मध्ये धरला तर डोकं पसरत नाही. नट असेल तर त्याच्या एका बाजूला जड लोखंड टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका, प्रत्येक कडेला.

पेचकसाने फिरवायच्या स्क्रूंना, उदाहरणार्थ ओबीएमच्या गिअर ऑइलच्या स्क्रूला, इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. मागून हातोडी मारली की तो एकाच वेळी दाबतो आणि फिरवतो. दुचाकीच्या गॅरेजमध्ये हा असतोच, मागून आणा. पण ॲल्युमिनियमच्या पातळ कव्हरवर किंवा पंपाच्या बॉडीवर घण घालू नका. ते तडकतं, आणि मग बोल्टाचा प्रश्न मागे पडतो.

गॅसने तापवू का?

लोखंडी इंजिनावर, मोकळ्या जागेत, होय. होडीच्या आत, तीन वेळा विचार करून.

तापवण्यामागचं गणित असं. नट तापवला की तो फुगतो आणि भोक मोठं होतं. आतला बोल्ट थंड राहिला तर मध्ये फट पडते. म्हणून ज्वाला नटावर धरायची, बोल्टावर नाही. नट लालसर व्हायच्या बेतात आला की पाना लावा. नाही सुटला तर पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा तापवा. दोन-तीन वेळच्या फुगण्या-आकसण्यातच गंज मोकळा होतो. गरम असताना मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ही युक्ती मी एका वयस्कर फिटरकडून शिकलो आणि तेव्हापासून पेटीत मेणबत्ती असते.

लाल केलेला बोल्ट परत वापरायचा नाही. त्याचं पाणी उतरलेलं असतं.

आता होडीचं. डिझेलच्या पाइप, तेलाने भिजलेलं लाकूड, फायबर, वायरी हे सगळं वीतभर अंतरावर असतं. पेट्रोल इंजिनाजवळ ज्वाला अजिबात नको, टाकी आणि पाइप काढून दूर नेल्याशिवाय तर नाहीच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर होडीच्या तळाशी साचतो आणि वास यायच्या आधी पेटतो. मागे ओलं गोणपाट लावा, बादली आणि अग्निशामक हाताशी, आणि एक माणूस नुसता बघायला. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापला की पांढरा धूर येतो, त्याने ताप भरतो. वारा तुमच्याकडून धुराकडे वाहील अशा बाजूला उभे राहा. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी ज्वाला किंवा वेल्डिंग करू नका, काही क्लीनरमधून विषारी वायू निघतो.

ओबीएमच्या ॲल्युमिनियममध्ये अडकलेला स्टेनलेस बोल्ट?

इथे तर घाई म्हणजे तुटलेला बोल्ट, हे धरूनच चाला. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: ॲल्युमिनियम पोलादापेक्षा दुप्पट फुगतं. १० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापलं तर ॲल्युमिनियममध्ये ते सुमारे ०.०२३ मिलिमीटरने मोठं होतं, साधं पोलाद ०.०१२ ने. स्टेनलेस मध्ये कुठेतरी, ०.०१७. हा फरक केसाचा एक बारीक हिस्सा आहे, पण पांढरी पूड तोडायला कधीकधी तेवढाच लागतो.

म्हणून सगळा भाग सारखा तापवायचा. सुटा करता येत असेल तर उकळत्या पाण्याची किटली ओता, दोन-तीन किटल्या. नाहीतर हॉट एअर गन. गॅसची ज्वाला टाळा: ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, काल होतं तसंच दिसतं आणि मग एकदम ओघळतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी. जवळ रबरी सील आणि रंग असतो तो वेगळाच.

क्रम माझा असा: पेनिट्रेटिंग तेल दोन दिवस, इम्पॅक्ट ड्रायव्हरचे किंवा हातोडीचे हलके ठोके, गरम पाणी, मग पाना, पुढे-मागे. नाही हलला तर पुन्हा पहिल्यापासून. एका मित्राच्या इंजिनाच्या खालच्या पायाचे सहा बोल्ट काढायला आम्हाला नऊ दिवस लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास. एकही तुटला नाही. त्याच बंदरातल्या दुसऱ्या एकाने तेच काम एका दुपारी केलं आणि तीन तोडले.

बोल्टाचं डोकं गोल झालं, आता?

थोडं गोल असेल तर कानशीने दोन बाजू सपाट करून लहान मापाचा पाना बसवा. जास्त असेल तर पाइप पाना किंवा व्हाइस प्लायर, जोरात आवळून. तेही सुटलं तर डोक्याच्या कडेवर धारदार छिन्नी टेकवून सोडायच्या दिशेने तिरके ठोके. हा उपाय दिसायला गावठी आहे, पण हातोडीचा धक्का आणि फिरवणं दोन्ही एकदम मिळतं.

नट असेल तर गोल झालेल्या नटावर जीव टाकू नका. कापा. नट स्प्लिटर (नट फोडायचं साधन) मिळाला तर उत्तम, नाहीतर ग्राइंडरने एका बाजूवर आट्यांपर्यंत जवळजवळ पोचेल इतका काप घ्या आणि छिन्नीने उघडा. चष्मा घाला. पन्नास रुपयांचा नट वाचवायला हजाराचा स्टड घालवू नका.

बोल्ट आतच तुटला. ईझी आउट (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून आत फिरवायची उलट्या आट्यांची सळी) आणू का?

आधी बघा किती बाहेर आहे. बोटभर जरी बाहेर असला तरी दोन नट एकमेकांवर आवळून, किंवा स्टड काढायच्या साधनाने, तो निघू शकतो.

पृष्ठभागाच्या बरोबरीने किंवा किंचित वर तुटला असेल तर माझं पहिलं मत वेल्डिंग. तुटलेल्या टोकावर एक मोठा नट ठेवा आणि नटाच्या भोकातून टोकाला वेल्ड भरा. यात धरायला नवं डोकं मिळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोल्ट आतून प्रचंड तापतो. लालपणा गेला की हलकेच पुढे-मागे. दोन-तीन नट वाया जातील, पण निघतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि आल्टरनेटरची वायर काढा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेलं इंजिन असेल तर त्याचा डबाही. अर्थिंगचा चिमटा त्याच भागावर, जवळ लावा. तो होडीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्यावर खड्डे पडतात.

वेल्डिंग शक्य नसेल तर ड्रिल. यश नव्वद टक्के पंचिंगवर असतं: तुटलेलं टोक कानशीने सपाट करा, केंद्र नीट शोधा, खोल पंच मारा. बारीक बिटने सुरुवात, हळू वेग, भरपूर तेल. स्टेनलेसला कोबाल्टचं बिट लागतं आणि बिट नुसतं घासू द्यायचं नाही. घासलं की स्टेनलेस कडक होतं आणि मग बिट फिरतं, कापत नाही. उलट्या आट्याचं ड्रिल बिट मिळालं तर तेच घ्या, बऱ्याचदा भोक पाडता पाडताच बोल्ट फिरून बाहेर येतो.

ईझी आउट मी शेवटी ठेवतो. ते कडक पोलादाचं असतं. तुटलं तर साध्या बिटने भोक पडत नाही. जो बोल्ट त्याच्या डोक्यावर पूर्ण पाना लावूनही निघाला नाही, तो आत घातलेल्या बारीक सळीने निघेल, ही आशा जरा जास्तच आहे. आजूबाजूचं तापवून, तेल मुरवून मग वापरा.

ईझी आउटही आत तुटलं.

भाग सुटा करून टूलरूममध्ये न्या, जिथे स्पार्कने धातू खाणारं यंत्र आहे. त्याने निघतं.

दुसरा मार्ग ऐकून लोक हसतात: तुरटी. घड्याळजी पितळेच्या भागात तुटलेला पोलादी स्क्रू गरम, दाट तुरटीच्या पाण्यात ठेवून विरघळवतात. पितळ तसंच राहतं, पोलाद काळं होऊन झिजतं. ॲल्युमिनियमच्या भागातल्या तुटलेल्या पोलादी टॅपवरही (आटे पाडायच्या हत्यारावरही) हे करतात, पण आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. दोन-चार दिवस लागतात, पाणी गरम ठेवावं लागतं, आणि स्टेनलेसवर काहीही होत नाही. म्हणजे सगळ्यात गरज असते नेमकी तिथेच उपयोग नाही.

आटे गेले तर इंजिनाचं हेड किंवा ब्लॉक टाकून द्यायचा का?

नाही. हेलीकॉइल बसवा. मोठं भोक पाडून नवे आटे टॅप करतात आणि आत स्टेनलेसची गुंडाळी बसवतात, बोल्ट पूर्वीच्याच मापाचा राहतो. ॲल्युमिनियममध्ये हे मूळच्या आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतं. लेथवाला करून देईल. नुसते आटे साफ करायचे असतील तर टॅपचं माप तपासा. एम ८ चा साधा आटा १.२५ मिलिमीटर अंतराचा असतो, पण बारीक आट्याचे बोल्टही इंजिनावर असतात.

होडीच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) नट?

कॉटर पिन काढा, पंखा आणि होडी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, ओबीएम असेल तर स्पार्क प्लगच्या टोप्या काढून ठेवा. हाताने पंखा फिरवताना इंजिन सुरू झालं तर बोटं जातात. पंखा निमुळत्या शाफ्टवर बसलेला असेल तर नट पूर्ण काढू नका, आट्याच्या टोकाशी ठेवा आणि पुलर (ओढून काढायचं साधन) लावा. पंखा सुटतो तेव्हा उडतो.

स्टेनलेसचा नवा नट अर्ध्यावर अडकला, पुढेही नाही मागेही नाही.

धातू रुतला. यात तेलाचा फारसा उपयोग नाही. ग्राइंडरने कापा, दुसरा घ्या. पुढच्या वेळी आटे साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि हाताने, हळू आवळा. बॅटरीच्या मशीनने भर्रकन फिरवलेले स्टेनलेस नटच बहुतेक वेळा अडकतात.

मग सगळे बोल्ट स्टेनलेसचेच करून टाकू?

नको. स्टेनलेसचा ए२-७० दर्जाचा (नेहमी मिळतो तो) बोल्ट ८.८ च्या पोलादी बोल्टापेक्षा लवकर ताणला जातो. जिथे उत्पादकाने ८.८ किंवा १०.९ दिलाय, म्हणजे हेड, कपलिंग, इंजिन माउंट, तिथे तोच ठेवा. डोक्यावर आकडा कोरलेला असतो. कव्हर, क्लिप, ब्रॅकेट यांना स्टेनलेस चालेल, समुद्राजवळ ए४ म्हणजे ३१६ चं. आणि लक्षात ठेवा, ॲल्युमिनियममध्ये जेवढं स्टेनलेस वाढवाल तेवढी पांढरी पूड वाढेल.

परत बसवताना काय लावू?

आटे तारेच्या ब्रशने आणि टॅपने साफ, मग अँटी-सीझ. लोखंडात लोखंडी बोल्ट आणि एक्झॉस्टचे स्टड: तांब्याची पेस्ट चालते. ॲल्युमिनियममध्ये तांब्याची नको, तो आणखी एक धातू बॅटरीत घातल्यासारखं आहे. जस्ताची घ्या, किंवा चांगलं मरीन ग्रीस. पेस्ट लावल्यावर बोल्ट सहज फिरतो, म्हणून आवळताना कोरड्या आकड्यापेक्षा २०-२५ टक्के कमी जोर. हेडच्या बोल्टांना मात्र उत्पादकाने सांगितलेलंच लावा, स्वतःची अक्कल नको. डोक्यावर आणि उघड्या आट्यांवर ग्रीसचा हात फिरवा.

झिंक (खाऱ्या पाण्यात बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) अर्धं संपलं की बदला. त्याच्या बोल्टाखाली रंग किंवा ग्रीस जाऊ देऊ नका, धातूला धातू लागला तरच ते काम करतं.

मेकॅनिकला कधी बोलवायचं?

इंजेक्टर अडकला असेल, हेडचा बोल्ट तुटला असेल, किंवा डिझेल इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ड्रिल करायचं असेल तेव्हा. तिथे एका चुकीची किंमत हंगामाएवढी असू शकते. आणि बोलवायचं ठरलंच तर तुम्ही बोल्ट तोडण्याआधी बोलवा. तोडलेला काढायचे पैसे मी जास्त घेतो.

जुने काढलेले बोल्ट परत वापरू का?

नखाने आटे तपासा. खाचखळगे, मध्येच बारीक झालेली मान, ताणल्यासारखे दिसणारे आटे असतील तर भंगारात. बाकीचे डिझेलमध्ये धुऊन, कुठला कुठून निघाला ते लिहून, डब्यात तेल टाकून ठेवा. झाकण घट्ट लावा, आणि डबा होडीत नाही, घरात ठेवा.